खात्रीचा फोन

माझ्या दुकानाला शटर नाही. नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मागची खोली आहे, तिथे लोखंडी मांडण्या आहेत. बाकीचं दुकान इंटरनेटवर. हळदीकुंकवाला लुटायच्या वस्तू आम्ही विकतो: बटवे, डब्या, करंडे, गाळण्या, फण्या, निरांजनं. वर्षातले दहा महिने बरे जातात. मार्गशीर्षापासून रथसप्तमीपर्यंत मात्र माझी मान आखडलेली असते.

त्याआधी सव्वीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळलं. कारखाना बंद झाला तेव्हा हातात एकच विद्या उरली, याद्या करण्याची. ती मी घरी आणली. दुकानाची एक वही आहे आणि तिच्या पहिल्या पानावर ऑर्डर आल्यापासून खोकं बाहेर पडेपर्यंतचे नऊ मुद्दे लिहिलेले आहेत. प्रत्येक ऑर्डरला त्या नऊ मुद्द्यांवर खुणा करायच्या. नववी खूण झाल्याशिवाय माझे यजमान खोक्याला चिकटपट्टी लावत नाहीत. ते ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तपासणीतले होते, त्यामुळे खुणेशिवाय वस्तू हलत नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते निष्काळजीपणाने झालं नाही. ते सातव्या मुद्द्याने झालं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. घट मांडून उठत होते तेवढ्यात फोन वाजला.

"वाणाच्या दुकानातूनच बोलताय ना, ताई?" आवाज तरुण बाईचा होता, स्वच्छ आणि नेमका. "मी सिन्नरहून बोलतेय. अर्ध्या तासापासून तुमच्या साईटवर फिरतेय. मला दिसत नाही. माझा फोन सगळं वाचून दाखवतो, त्यावर मी वीजबिल भरते, रेल्वेचं तिकीट काढते. तुमच्याकडे मात्र तो नुसता 'बटण, बटण, चित्र, बटण' एवढंच म्हणतोय."

मी पटकन म्हणाले, "काही हरकत नाही. काय हवंय ते सांगा, मीच टाकते तुमची ऑर्डर."



"असं म्हणणारी चार माणसं आमच्या घरात आहेत, ताई. त्यांच्याकडून करून घ्यायचं असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता?"

मला राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल. सकाळची वेळ, गॅसवर दूध, आणि मदत करायला निघालेल्या माणसाला हे उत्तर. पण ती भांडत नव्हती. तिने सरळ सांगितलं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. लग्नाला चार वर्षं झाली होती. रथसप्तमीला तिच्या घरी हळदीकुंकू असतं, पस्तीस बायका येतात. वाण दरवर्षी सासूबाई आणतात.

"प्रत्येकीच्या हातात वाण मी ठेवते," ती म्हणाली, "आणि ते काय आहे हे मला आदल्या दिवशी कळतं. मागच्या वर्षी तर एका बाईंनी विचारलं, गं, हे कशासाठी वापरायचं? मला सांगता आलं नाही. सगळ्या हसल्या, मीही हसले. यंदाचं वाण मी निवडणार आहे. सासूबाई हो म्हणाल्यात. म्हणजे, बघू म्हणाल्यात."

'बघू' म्हणजे काय ते मला माहीत होतं. मीही सून होते.

वहीत लिहिलं: सिन्नर. साईट. रथसप्तमीच्या आत.

साईट करून देणारी मुलगी इंदिरानगरला राहते. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, मला काकू म्हणते आणि माझ्या याद्यांना हसते. ती आली, माझ्याच फोनवर तो वाचणारा आवाज तिने सुरू केला, पडदा काळा केला आणि फोन माझ्या हातात दिला.

"घ्या काकू, तुमच्याच दुकानातून एक गाळणी घेऊन दाखवा."

मला जमलं नाही. उघडल्याबरोबर 'संक्रांत विशेष' अशी एक चौकट समोर येत असे, ती बंद करायची फुली कुठे आहे हे आवाज सांगेना. बोट इकडेतिकडे फिरवत कशीबशी त्यातून सुटले तर पुढे सगळी 'चित्र, चित्र'. वस्तूचं नाव, माप, किंमत, सगळं मी फोटोतच लिहिलेलं होतं. झेंडूच्या माळेची चौकट, कोपऱ्यात तीळगुळाची वाटी, मध्ये वस्तू आणि खाली जांभळ्या अक्षरांत माहिती. सणांच्या शुभेच्छा पाठवतात तशी चित्रं. प्रत्येकाला अर्धा तास लागला होता आणि मला त्यांचा अभिमान होता.

"किती सुंदर केलंय," मुलगी म्हणाली. "आणि फोनला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही."

"एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलंय!"

"तुमच्यासाठी अक्षरं आहेत, काकू. त्याच्यासाठी तो फोटोच आहे."

कामाची यादी अकरा मुद्द्यांची झाली. बटणांना नावं देणे. माहिती फोटोबाहेर काढून लिहिणे. ती मध्येच येणारी चौकट काढून टाकणे. पैसे देताना वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र ओळखायला लावणारं कोडं होतं, ते हटवणे. फोनवर येणारा आकडा भरायला वेळ वाढवून देणे. तक्रारीचं पान मी शेवटच्या, अकराव्या क्रमांकावर ठेवलं. वेळ उरला तर बघू म्हटलं.

बाकीचं तिचं काम होतं. माझ्याकडे आलं ते फोटोंचं वर्णन. प्रत्येक फोटोमागे दोन ओळी लिहायच्या, म्हणजे आवाज त्या वाचेल. एकशे चाळीस वस्तू, प्रत्येकीचे दोन-तीन फोटो. सकाळची खोकी भरून झाली की दुपारी मी लिहायला बसत असे. तीन दिवसांत संपवलं आणि सिन्नरला कळवलं की ऐकून बघा.

दुसऱ्या दिवशी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन आला. ती हसत होती.

"ताई, 'क तीन खाली डावीकडे' म्हणजे काय?"

मी मागच्या खोलीतल्या मांडणीकडे पाहिलं.

"आणि 'ब एक, नवीन गठ्ठा, जुना आधी काढावा'? मी सिन्नरला बसलेय हो, तुमच्या मांडणीसमोर नाही."

सव्वीस वर्षांची सवय. वस्तू ओळखायची म्हणजे ती कुठे ठेवली आहे ते सांगायचं, यापलीकडे माझा हात गेलाच नव्हता. एकशे चाळीस वस्तूंच्या मागे मी माझ्या मांडणीचे पत्ते लिहून ठेवले होते. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबरच आहे की. मला एका झटक्यात सापडेल." त्यांना सापडून काय उपयोग होता?

पुन्हा लिहायला बसले. या वेळी 'सुंदर, आकर्षक, मनमोहक' असं काहीबाही लिहिलं, कारण जाहिरातीत तसंच लिहितात. तिने तेही ऐकलं.

"सगळंच आकर्षक आहे," ती म्हणाली. "मग निवडायचं कसं? फणीचे दाते बोथट आहेत का टोचतात? डबीचं झाकण फिरकीचं आहे का दाबून लावायचं? बटव्याला नाडी आहे का टिचबटण? खण आहे म्हणता, तर काठ कुठे येतो, तोंडाशी का तळाशी?"

या प्रश्नांची उत्तरं द्यायची तर वस्तू हातात घ्यावी लागत होती. मागच्या खोलीत खाली चटई टाकून मी एकेक वस्तू काढली, उघडली, मिटली, केसांत घालून पाहिली. पाच वर्षं विकत होते त्या करंड्याचं झाकण उलटसुलट दोन्हीकडून बसतं, हे मला तेव्हा कळलं. शिकायला मिळालं म्हणून आनंद झाला असं मात्र काही नाही. पाठ दुखत होती, ऐन हंगाम होता, आणि रोज तीस-चाळीस खोकी निघत होती. एकदा तर मला वाटलं, एका गिऱ्हाइकासाठी हे कशाला? ते बोललेही. साईटवाली मुलगी मान वर न करता म्हणाली, "एकीने फोन केला, काकू. बाकीच्या बटण-बटण ऐकून निघून गेल्या असतील. त्या कुठे सांगायला येणार?"

संक्रांत होऊन चार दिवस झाले तेव्हा अकरापैकी दहा मुद्दे झाले. तक्रारीचं पान राहिलं ते राहिलंच.

आणि एका सकाळी ऑर्डर आली. सिन्नर. खणाचे बटवे, टिचबटणाचे, नग पस्तीस. पैसे वस्तू मिळाल्यावर.

मी यजमानांना हाक मारून दाखवली. ते चष्मा वर करून म्हणाले, "आली का एकदाची!" आणि खोकं शोधायला गेले. मी वही उघडली आणि खुणा करायला लागले. नाव, पत्ता, पिनकोड, माल शिल्लक, हे सगळं झालं. मग सातवा मुद्दा: पैसे वस्तू मिळाल्यावर असतील तर गिऱ्हाइकाला फोन करून खात्री करणे. न लागल्यास दुसऱ्या नंबरवर करणे.

आमच्याकडे हे सगळेच करतात. ऑर्डर टाकून विसरणारी माणसं असतात, पोरांनी खेळताना दाबलेल्या ऑर्डरी असतात. खोकं जाऊन परत येण्यापेक्षा एक फोन बरा. म्हणूनच साईटवर दुसरा नंबर भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. ती सोय मीच करून घेतली होती.

तिचा फोन लागला नाही. कामावर असताना ती स्वतःचा मोबाइल बंद ठेवते, हे तिने मला सांगितलेलंही होतं. मी दुसरा नंबर लावला.

"कोण?" वयस्कर बाई.

"नमस्कार, नाशिकहून बोलतेय, वाणाच्या दुकानातून. तुमच्याकडून पस्तीस बटव्यांची ऑर्डर आली आहे, तेवढी खात्री करायची होती."

"कोणी टाकली?"

"तुमच्या सूनबाईंनी."

"तिनं? ती कशी टाकंल? तिला दिसत नाय."

इथे मी 'बरं, पत्ता बरोबर आहे ना' एवढं विचारून फोन ठेवायला हवा होता. पण महिनाभर राबले होते, ते कुणाला तरी सांगायचं होतं. म्हणाले, "आमच्या साईटवर आता दिसत नसलं तरी टाकता येते, आजी. मुद्दाम तशी करून घेतलीय."

"व्हय? बरं हाय बाई. पण मग कोणी बघून नाय घेतलं म्हणायचं?"

आणि मी ते वाक्य बोलले. ते माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं, ते माझंच होतं.

"तेच म्हणतेय. एकदा तुम्ही बघून घेता का?"

मी त्यांना साईटवरच्या बटव्यांच्या पानाचा फोटो पाठवला. त्याच पानावर खाली डब्या होत्या, त्याही दिसल्या. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"बटवे नको बाई. आमच्या गल्लीत मागल्या साली तिघींनी बटवेच लुटले. त्या खालच्या डब्या हायेत ना, झाकणाच्या, त्या दे पस्तीस. लय कामाला येत्यात. अन् तिला काय सांगू नको. तिला वाईट वाटंल. बायकांत तिची फजिती व्हायला नको, म्हणून म्हणते."

त्या वाईट बाई नव्हत्या. बोलण्यात मायाच होती. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सांगितलं, आणि मी ऑर्डर उघडली, बटवे काढले, डब्या टाकल्या. सातव्या मुद्द्यापुढे खूण केली. आठवा, नववा. यजमानांनी पट्टी लावली. दुपारी खोकं गेलं.

त्या दिवशी मला काही खटकलं असतं तर बरं वाटलं असतं. खटकलं नाही. मी जेवून झोपले.

रथसप्तमीला चार दिवस होते तेव्हा तिचा फोन आला. सकाळचे नऊ, कामावर जाण्याआधीची वेळ.

"ताई, काल खोकं आलं. मी उघडलं. आत डब्या आहेत."

"हो," मी म्हणाले.

"मी बटवे टाकले होते. म्हणजे, मला वाटतंय मी बटवे टाकले होते. काल संध्याकाळपासून शोधतेय, माझं बोट कुठे चुकलं ते. ऑर्डर उघडून चार वेळा ऐकली. तिथेही डब्याच म्हणतोय. सासूबाई म्हणाल्या, असू दे गं, होतं असं. मला नुसतं एवढं सांगा, माझं कुठे चुकलं? पुढच्या वेळी तिथे लक्ष ठेवीन."

मी ऑर्डर बदलली होती, मग यंत्रही ती बदललेलीच दाखवणार. तिने काय निवडलं होतं त्याची खूण कुठेच उरली नव्हती. ती स्वतःचं बोट तपासत बसली होती.

यंत्राची गडबड झाली, असं सांगता आलं असतं. लोक विश्वास ठेवतात. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. तू बटवेच टाकले होतेस. मी बदलले."

"तुम्ही?"

"तुझा फोन लागला नाही. घरच्या नंबरवर केला. तुझ्या सासूबाईंशी बोलले."

"काय बोललात?"

"एकदा बघून घ्या म्हटलं."

 तिच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली.

"आणि परवा ज्यांनी कुणी पन्नास गाळण्या घेतल्या असतील," ती शेवटी म्हणाली, "त्यांच्या सासूला केला होता का फोन? की सूनबाईंनी गाळण्या बरोबर निवडल्यात का बघून घ्या?"

"नाही."

"मग मी काय वेगळं केलं होतं?"

 याचं उत्तर मला उच्चारायचं नव्हतं, आणि तिला ते माहीत होतं.

"मी बटवे घेऊन येते," मी म्हणाले. "आत्ता निघते, दुपारच्या आत सिन्नरला पोचते. तुझ्या हातात देते."

"नका येऊ."

"अगं, तासाभराचं तर अंतर आहे."

"तुम्ही आलात की ते तुम्ही आणलेले होतील. सासूबाई तुम्हाला चहा करतील, तुम्ही दोघी बोलाल, आणि मग 'ताईंनी आणून दिले' असं होईल. मला साईटवरून टाकायचेत. दिवस आहेत ना अजून?"

"चार."

"बटवे किती शिल्लक आहेत?"

मी आत जाऊन मोजले. तेवढ्या दिवसांत बरेच गेले होते. "चोवीस. आणि शिवणाऱ्या बायकांकडून आता रथसप्तमीपर्यंत नवीन येणार नाहीत. तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवू?"

"बाकीच्यांसाठी ठेवता?"

"नाही."

"मग नको. मी एक वाजता सुट्टीत टाकते. डब्या सासूबाई ठेवून घेणार आहेत, त्यांना आवडल्यात. आणि ताई, एक कराल का?"

"काय?"

"फोन करू नका."

साडेनऊला मी साईटवाल्या मुलीला फोन केला. दुसरा नंबर भरायची सक्ती काढून टाक म्हटलं. "आत्ता? हंगामात?" तिने विचारलं. आत्ता म्हटलं. दहाच्या सुमारास ते झालं. मग मी वहीतला सातवा मुद्दा खोडला. पान पाच वर्षं जुनं होतं, शाई वाळलेली, खोडलेलं उठून दिसत होतं. यजमानांनी येऊन पाहिलं.

"मग खात्री कशी करायची?"

"करायची नाही."

"आणि खोकं परत आलं तर?"

"तर येईल."

ते तपासणीतले. त्यांना हे पटणं शक्य नव्हतं, पण माझा चेहरा बघून ते चहा ठेवायला गेले.

मी संगणकासमोर बसून राहिले. शिल्लक: चोवीस. सव्वाबाराला मालेगावहून एक ऑर्डर आली. खणाचे बटवे, नग सहा. शिल्लक: अठरा.

ती ऑर्डर मी थांबवू शकत होते. एक बोट लावलं की 'माल संपला' दाखवता येतं, आणि एक वाजता पुन्हा उघडता येतं. मालेगावच्या बाईंना फोन करून 'दुसरा रंग चालेल का' म्हणता आलं असतं. सगळं मला येत होतं, आणि सगळं चांगल्या हेतूनेच केलं असतं. तोवर एवढं मात्र कळलं होतं की मी काहीही केलं तरी ते पहिल्या दिवशीच्या 'मीच टाकते तुमची ऑर्डर'मध्येच मोडेल. मी हात मांडीवर ठेवून बसले. आयुष्यात मी कधी इतकी दमले नव्हते, आणि करत काहीच नव्हते.

एक वाजून बावीस मिनिटांनी ऑर्डर आली. सिन्नर. खणाचे बटवे, नग अठरा. लाकडी फण्या, बोथट दात्यांच्या, नग सतरा. पत्ता तोच. दुसऱ्या नंबरची जागा रिकामी.

साईटवर अठराच उरलेत हे ऐकून तिने तिथल्या तिथे ठरवलं होतं. अर्ध्या बायकांना बटवा, अर्ध्यांना फणी. मला हे सुचलं नसतं. मी तेरा-चौदा चांगले पर्याय सुचवले असते आणि त्यात फणी नसती.

खोकं मी भरलं. सातव्या जागी काही नव्हतं, यजमान क्षणभर थांबले आणि त्यांनी पट्टी लावली.

पुढचे तीन दिवस मात्र वाईट गेले. सिन्नर इथून एवढंसं, पण कुरिअरचं खोकं आधी उलट्या दिशेच्या गोदामात जातं आणि तिथून फिरून येतं. पहिल्या दिवशी गोदामात. दुसऱ्या दिवशी गोदामात. तिसऱ्या दिवशी 'वाटेत'. रथसप्तमीला सकाळी बाल्कनीत सूर्याची रांगोळी काढली, दूध उतू घातलं, आणि हात पुसून फोन पाहिला. 'वाटेत'. अकरा वाजता 'वाटेत'. यजमान म्हणाले, "कुरिअरवाल्याला तरी विचार." त्याला विचारलं, तो म्हणाला आज जाईल. तिला विचारायची मुभा नव्हती. चार वेळा नंबर काढला आणि चार वेळा फोन ओट्यावर पालथा ठेवला. तिच्या घरी डब्या तयार होत्या, पस्तीस, झाकणाच्या. खोकं पोचलं नाही तर हळदीकुंकू अडणार नव्हतं. अडायचं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याला माझ्या वहीत रकाना नव्हता.

दुपारी तीनला पाहिलं: 'पोहोचलं'. घेणाऱ्याने सांगितलेला आकडा जुळला. तो आकडा तिच्या फोनवरच जातो, म्हणजे घेतलं ते तिनेच.

मला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं थोडंच होतं. मी दिवाणावर आडवी झाले.

त्यानंतर काहीच कळलं नाही. तिचा फोन आला नाही, आणि तो यावा अशी अपेक्षा ठेवणं हेही पुन्हा तेच झालं असतं. बायका काय म्हणाल्या, सासूबाई काय म्हणाल्या, डब्यांचं काय झालं, यातलं काही माझं नव्हतं. हंगाम संपला. मांडण्या पुसल्या, उरलेला माल मोजला.

आठवड्याने साईटवर एक तक्रार आली. तक्रारीच्या पानावरून, म्हणजे अकराव्या मुद्द्यावरून, जो आम्ही केलाच नव्हता. सिन्नर.

"अठरापैकी दोन बटव्यांची टिचबटणं बसत नाहीत. एक बाई आल्या नाहीत, त्यांच्या वाटचा बटवा सासूबाईंनी ठेवून घेतला. तो नेमका त्यातलाच निघाला, त्यामुळे मला रोज ऐकून घ्यावं लागतंय. दोन्ही बदलून हवेत. फण्यांबद्दल तक्रार नाही. या पानावर 'पाठवा'च्या जागी फोन अजूनही नुसतं 'बटण' म्हणतो. अंदाजाने दाबतेय, पोचलं तर पोचलं. तेही नीट करावं. फोन करायची गरज नाही."

मी ते दोनदा वाचलं. मग मागच्या खोलीत गेले, शिवणाऱ्या बायकांकडून आदल्याच दिवशी आलेल्या नव्या गठ्ठ्यातून दोन बटवे काढले, प्रत्येकाचं टिचबटण वीस वेळा उघडलं, वीस वेळा लावलं. साईटवाल्या मुलीला तक्रारीच्या पानाचं कळवलं.

"केलंच पाहिजे का काकू, हंगाम संपलाय," ती म्हणाली.

"केलंच पाहिजे. आणि या आठवड्यात."

वहीच्या पहिल्या पानावर खोडलेल्या ओळीवर जागा होती. तिथे लिहिलं: ७. टिचबटणं लावून पाहणे. यजमानांनी चष्मा लावून वाचलं आणि ही खूण त्यांना एकदम पटली.